चंद्रभानभाऊंचं अक्षर आणि आमचं हायब्रिड ऑफिस

साईनगर, अमरावती
बुधवार, दुपारचा चहा झाल्यावर

चंद्रभानभाऊ ताथोड यांस, जानराव काळमेघचा कमरेतून वाकून नमस्कार. (डॉक्टरनं वाकायला मनाई केली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? सुभद्रावहिनींचा दमा थंडीत उचल खातो, यंदा कसं काय? आम्ही इकडे ठीक. शकुनची साखर ताब्यात आहे, माझी जीभ नाही. पाकिटावरचं नाव पाहून पत्र न फोडताच खिडकीतून टाकून द्यावं असं तुम्हाला वाटलं असेल. चौदा महिने आपण बोललो नाही, तेव्हा तुमचा तो हक्कच आहे. पण आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती. आजच्या काळात फोन सोडून कागदावर काहून लिहितो, याला कारण आहे. ते पुढे येईल. (आणि भाषा पुस्तकी वाटली तर हसू नका. हातात पेन आलं की माणूस आपोआप पुण्याचा होतो.)

तुम्ही निवृत्त झाल्यावर चारच महिन्यांत पुण्याच्या हेड ऑफिसच्या लोकांनी ठरवलं की आपलं ऑफिस आता हायब्रिड. मला वाटलं, कंपनीनं तुरीचा नवा वाण काढला. आयुष्यभर बियाण्याच्या कंपनीत घालवलेल्या माणसाला हायब्रिड म्हटलं की दुसरं काय सुचणार? मीटिंगमध्ये मी विचारलंही, की या वाणाच्या शेतात नर ओळी किती आणि मादी ओळी किती. मग कळलं की काही दिवस ऑफिसात आणि बाकीचे घरून काम करायचं, त्याला हायब्रिड म्हणतात. माझ्या वाट्याला ऑफिसचा गुरुवार आला. डिस्पॅचचा मनोज सोमवारी येतो, हिशेबवाले मंगळवारी. म्हणजे ऑफिस रोज उघडतं, पण कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही.

भाऊ, तुम्हाला आठवते का, बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून मी अकोल्याच्या ऑफिसात यायचो तेव्हा लॅबच्या दारातच ओल्या कागदाचा तो वास यायचा? उगवण चाचणीचे कागद गुंडाळून तुम्ही उभे करून ठेवलेले असायचे, आणि मी दारात दिसलो की तुम्ही वर न पाहता म्हणायचे, "गाडी मूर्तिजापुरात झोपली होती काय?" अठ्ठावीस वर्षं रोज तेच वाक्य. मला त्याचा राग यायचा. आता गुरुवारी लॅबमध्ये जातो तर तिथं वास फिनाइलचा आहे, आणि उशीर झाला तरी विचारणारं कोणी नाही, म्हणून मी वेळेवर पोहोचतो.

तर हायब्रिडसोबत आम्हाला नवे लॅपटॉप मिळाले. साधे नाहीत, एआयवाले. ते शिकवायला आयटीची आचल आली. भातकुलीची पोरगी, हुशार, बोलायला आपल्यासारखीच सरळ. तिनं सांगितलं, "काका, याचं डोकं याच्या पोटातच हाये. तुमचं काम कराले हा बाहेर कोणाले इचारत नाही, म्हणून माहिती घरातल्या घरात राहते." मला हे आवडलं. आपल्या कंपनीत इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट पुण्याला विचारावी लागायची. निदान एक तरी मिळाला, ज्याला नाही लागत.

त्याला पासवर्ड लागत नाही, चेहरा लागतो. मी खुर्चीवरून उठलो की तो आपोआप कुलूप लावून घेतो, परत बसलो की तोंड पाहून उघडतो. ऑफिसात हे ठीक चाललं. घरी पहिल्याच सकाळी मी कानटोपी आणि मफलर लावून बसलो (जानेवारीतली साईनगरची थंडी तुम्हाला माहीत नाही, तुमचं अकोलं बाराही महिने तापलेलं), तर त्यानं मला ओळखच दिली नाही. टोपी काढली, तरी नाही. मफलर काढला, तेव्हा उघडला. शकुन स्वयंपाकघरातून म्हणाली, "इतका लाजता काय त्याच्यापुढं, सदराही काढा."

खरी पंचाईत पुढे झाली. आपल्या मागं उभं राहून कोणी पाहत असलं तर हा लॅपटॉप पडदा अंधुक करतो आणि सूचना देतो की तुमच्या मागून कोणीतरी पाहत आहे. कंपनीच्या माहितीच्या सुरक्षेसाठी. शकुन चहा घेऊन आली, माझ्या मागं उभी राहिली, आणि पडद्यावर ती सूचना झळकली. तिनं ती वाचली. चहाचा कप टेबलावर जरा जोरातच आला. "सत्तावीस वर्षं मागं उभी हाओ, आजवर कोणाले भेव नाही वाटला," असं म्हणून ती गेली ती दोन दिवस समोरूनच चहा देत होती, तोही हात लांब करून.

पण शकुन नसतानाही सूचना येऊ लागली. दारं लावली, पडदे ओढले, तरी मागून कोणीतरी पाहतच होतं. मी जरा घाबरलो, खोटं कशाला बोलू. आचलला फोन केला. तिनं कॅमेऱ्यातून खोली पाहिली. मग म्हणाली, "काका, मागं भितीवर फोटो कोणाचा हाये?" माझ्या सासऱ्यांचा. वरूडच्या संत्र्याच्या बागेत काढलेला, मिशा पिळलेला, डोळे असे की बागेत चोर शिरला आहे. (तुम्ही त्यांना आमच्या लग्नात पाहिलं आहे. तुमच्याकडेही तसंच पाहिलं होतं.) लॅपटॉपनं त्यांना जिवंत धरलं होतं. मी फोटो हलवायचं म्हटलं तर शकुन खूश होऊन म्हणाली, "राहू द्या. बाबाचं लक्ष असलं म्हंजे तुमी कामात झोपणार नाही." शेवटी फोटो तिथंच राहिला, टेबल हललं. आता मी सासऱ्यांच्या समोरासमोर बसतो, आणि काम खरंच वाढलं आहे.

याच्या पुढची गंमत मीटिंगची. मीटिंग झाली की हा स्वतःच वृत्तांत लिहितो, कोणी काय केलं, कोणाचं काय बाकी. आमच्या नव्या रागिणी मॅडम पुण्याच्या, वयानं लहान पण वागायला अदबशीर. मी पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं, मी सोयाबीनच्या लॉटची यादी करून राहिलो. वृत्तांतात आलं, यादी करायची राहिली. पुढच्या वेळी सांगितलं, मी वरूडच्या विक्रेत्यांशी बोलून राहिलो. वृत्तांतात आलं, विक्रेत्यांशी बोलणे राहिले. महिनाभरानं मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "जानराव, तुमची तेवीस कामं राहिलेली दिसताहेत. काही अडचण आहे का?" मी म्हटलं, नाही मॅडम, मी सगळी करून राहिलो. चोवीस झाली. आचलनं मग त्याला वऱ्हाडी शिकवली. आता मी राहिलो म्हटलं की तो 'काम सुरू आहे' असं लिहितो. परवा एक काम खरोखरच राहिलं होतं, तेही त्यानं सुरू आहे म्हणून लिहिलं. मी दुरुस्ती सुचवली नाही.

आता कारणाकडे येतो.

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी मी ऑफिसात एकटा बसलो होतो. मेल आली. पाठवणारा: चंद्रभान ताथोड. भाऊ, मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. लिहिलं होतं: आदरणीय जानराव सर, मी अडचणीत आहे, बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांची नावं आणि फोन असलेली फाइल कृपया तातडीनं पाठवा. आता, तुम्ही मला सर म्हणणं शक्य आहे का? तुम्ही मला 'जान्या' सोडून काही म्हटल्याचं आठवत नाही, साहेबांसमोरसुद्धा. आणि कृपया? हे सगळं मला दिसत होतं. पण चौदा महिन्यांनी तुमचं नाव पडद्यावर आलं होतं, आणि अडचणीत आहे असा शब्द होता. मी फाइल जोडली.

लॅपटॉपनं लाल पट्टी दाखवली. हा पत्ता नवा आहे, लिहिण्याची ढब या व्यक्तीची वाटत नाही, तुम्ही या व्यक्तीला ओळखता का? मी 'हो' दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं, तुमची खात्री आहे का? मी पुन्हा 'हो' दाबलं. तेव्हा त्यानं पाठवायला साफ नकार दिला आणि परस्पर आचलला कळवलं. अर्ध्या तासात ती समोर. "काका, दोनदा सांगतलं त्यानं. तुमी काहून हो दाबलं?" मी म्हटलं, तो मला विचारत होता ओळखता का. ओळखतो तर ओळखतोच ना. खोटं कसं दाबू?

ती रागावली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हे चंद्रभान कोण?" म्हणून मी सांगितलं. तुमच्या निवृत्तीचा दिवसही सांगितला. बावीस वर्षांची तुमच्या हातची उगवणीची रजिस्टरं, स्कॅन झाली म्हणून रद्दीत गेली, त्या यादीवर सही माझी होती, आणि मी तुम्हाला आधी बोललो नाही. तुम्ही निरोपाचा हार गळ्यात घेऊन कपाट उघडलं आणि ते रिकामं होतं. मी म्हटलं, स्कॅन केलं आहे ना भाऊ. तुम्ही म्हणाले, "स्कॅन म्हंजे फोटो. मेल्या माणसाचाबी फोटो असते." आणि न जेवता निघून गेले. तुमच्या ताटातली पाटोडी तशीच राहिली. ही गोष्ट मी शकुनलाही पूर्ण सांगितली नव्हती. ऑफिसच्या पोरीला सांगितली.

आचलनं ते स्कॅन सर्व्हरवरून शोधून माझ्या लॅपटॉपमध्ये आणून दिले आणि म्हणाली, याला इचारा, हा वाचते. मी परीक्षा पाहावी म्हणून विचारलं, दोन हजार अकराचा तुरीचा अमुक लॉट, उगवण किती? एका क्षणात उत्तर आलं, एक्याण्णव टक्के. आणि त्याखाली लिहिलं, समासात शेरा आहे. शेरा असा: 'जान्या आज आला नाही. पोराले टायफॉइड. गाडीवर मानूस पाठवून खबर घेतली.'

भाऊ, हे मला माहीत नव्हतं. कोण आलं होतं ते आठवतं, पण मला वाटत होतं तो माणूस त्याच्या कामानं आला. मग मी वाचतच बसलो. 'हरभरा अठ्ठ्याऐंशी. जान्यानं लोणचं आणलं, मीठ जास्त.' 'सोयाबीन सत्तर, पुन्हा लावणे. जान्या साहेबाशी भांडला, बरोबर होता, सांगतलं नाही.' अठ्ठावीस वर्षं आपण एकाच टेबलावर बसलो आणि त्यातली बावीस वर्षं तुम्ही समासात हे लिहीत होता. मी ते न उघडता रद्दीच्या यादीवर सही केली. लॅपटॉपला मी शेवटी म्हटलं, या सगळ्याचा सारांश दे. त्यानं लिहिलं: चंद्रभान ताथोड यांच्या नोंदींमध्ये सर्वाधिक वेळा येणारे पीक सोयाबीन, सर्वाधिक वेळा येणारी व्यक्ती जानराव.

मी उठून बाहेर गेलो. मागं त्यानं कुलूप लावून घेतलं. परत येऊन बसलो तर त्यानं मला ओळखायला जरा वेळ लावला.

तर मेलवर तुमचा माझा आता भरवसा नाही, तुमच्या नावानं कोणी भामटा लिहितो. फोनवर आवाजही नकली काढतात म्हणे. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुम्ही ओळखता, आणि नकली काढावं इतकं ते चांगलंही नाही. मला तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. स्कॅन झालं असतं, रद्दीही झाली असती, पण तुम्हाला सांगून झाली असती. मले सांगाले पायजे होतं, भाऊ. इतकंच लिवाचं होतं, बाकी सगळं आजूबाजूचं हाये.

वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद. चुकलंमाकलं पोटात घालावं, त्यात जागा असेल तर.

तुमचा,
जान्या

ता. क. एक कामाचं लिहायचं राहून गेलं. (हे खरोखर राहिलं.) तुमच्या अक्षरातल्या तीनशेक ओळी मशीनला वाचता येत नाहीत. रागिणी मॅडमनी परवानगी दिली आहे की तुम्ही दर गुरुवारी अकरा वाजता ऑफिसात येऊन त्या वाचून द्याव्या. काम कंपनीचं आहे, त्यात माझा काही संबंध नाही. नाही म्हटलं तर पुण्यात बरं दिसणार नाही.

ता. क. २. शकुननं वरची ता. क. वाचली (मागं उभी राहून). म्हणते, वहिनींनाही सोबत आणा.

ता. क. ३. ती म्हणते, खरं काय ते लिहा, नाही तर पाकिटाले गोंद लावू देत नाही. तर लिवतो. मशीनले तुमचं अक्षर वाचता येते, भाऊ. सगळं येते, एक ओळ अडत नाही. मॅडमले मी काही इचारलंच नाही. गुरुवारी मी एकटाच असतो, मनून लिवलं. उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी या. गेटवर काही दाखवा लागत नाही, वॉचमन जुनाच हाये.