डोंगरावर सगळे बोलतात

बर्गन, सप्टेंबर

प्रिय सुनिवा,

शनिवारी तू येतेयस, हे ओसेमावशीकडून कळलं. लेक येणार हे आईला मावशीने सांगायचं, असे दिवस आलेत. हॉटेलात उतरणार आहेस, हेही तिनेच सांगितलं. बाबा गेल्यावर आर्विद माझ्यासोबत राहायला आला, तेव्हा तू म्हणालीस, तो असेपर्यंत मी या घराचा उंबरा ओलांडणार नाही. आणि खरंच ओलांडला नाहीस. हा हट्ट कुणाकडून आलाय, ते मी सांगायला नको.

तुझा मिकेल मावशीला विचारत होता म्हणे, खायचं सामान कुठे घ्यावं आणि कुठला डोंगर चढावा. तिला जिना चढताना धाप लागते, ती काय सांगणार, कपाळ! म्हणून मी लिहितेय. तू इथेच वाढलीस, पण कोपनहेगनची होऊन बरेच दिवस झाले, तेव्हा गुपचूप ऐकून घे.

सामान शनिवारीच घ्या. रविवारी दुकानं बंद, हे त्या डॅनिश पोराला आधीच सांगून ठेव. बियर तर शनिवारी संध्याकाळीच विकायची थांबवतात. तो हात हलवत परत येईल आणि आपल्या देशाला नावं ठेवत बसेल. बंदरावरच्या मासळी बाजारात त्याला हवे तेवढे फोटो काढू दे, विकत काही घेऊ देऊ नकोस. माशाचे वडे गल्लीतल्या दुकानातून घे. बकरीच्या दुधाचं तपकिरी चीजही घे. ते गोड लागलं की तो तोंड वाकडं करील. करू दे, दुसऱ्या दिवशी मागून खाईल. आणि पावाच्या कापांमध्ये कागद घालायला विसरू नकोस, बाबा घालायचे तसा. पूर्वी मी त्यांना हसायचे, आता मीच घालते. आर्विद घालत नाही. त्याच्या डब्यातले सगळे काप एकमेकांना चिकटतात आणि तो तसेच खातो. या एका बाबतीत तुझी त्याच्यावरची नाराजी मला मान्य आहे.

उल्रिकेनच्या डोंगरावर केबलकारने जा आणि माथ्यावरून चालत पलीकडच्या फ्लॉयेन डोंगराकडे उतरा. छत्री नेऊ नका, वारा तिच्या काड्या करून हातात देतो. लोकरीचे मोजे जास्तीचे ठेव. धुकं उतरलं तर वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या राशी धरून चाला, पुढची रास दिसेनाशी झाली की मागे फिरा. आणि मिकेलला सांग, वर जो भेटेल त्याला हाय म्हणायचं. खाली बसमध्ये त्याने कुणाशी बोलायला सुरुवात केली तर लोक जागा बदलतील, पण डोंगरावर न बोलता पुढे गेलं तर उद्धट ठरवतील. लहानपणी तू मेंढ्यांनाही हाय म्हणायचीस आणि बाबा मेंढ्यांच्या वतीने उत्तर द्यायचे. फार आठवतं ग ते.

आर्विद वाईट नाही. बाबांच्या खुर्चीवर तो बसत नाही, त्याने स्वतःची आणलीय. मला त्याची सोबत हवी आहे आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण तूही हवी आहेस, तितकीच.

आता एवढं का लिहिलं ते सांगते. घरी ये असं म्हणत नाही, तू नाही म्हणालीस तर मला सोसायचं नाही. पण रविवारी मीही वर येणार आहे, एकटी. बाबा जिथे बसून आपल्याला संत्रं सोलून द्यायचे, त्या मोठ्या दगडांच्या राशीच्या आडोशाला बसेन. थर्मासमध्ये कॉफी असेल, पेले तीन असतील. थांबली नाहीस तरी चालेल. पण तो डोंगर आहे, सुनिवा. तिथे आपण परक्या माणसालासुद्धा हाय म्हणतो. मला तेवढं तरी म्हण.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई