माझ्या ब्रेकचा आवाज आणि आईची शुगर

सांडोर, मंगळवार

प्रिय जीनाताई,

धाकट्या गॅब्रिएलचा नमस्कार. देवदयेने आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि नंदाखालची केळीची बाग, तिघांचीही खुशाली कळव. (फोन केला असता, पण आपल्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि आईचे कान अजून तिखट आहेत.)

ताई, मी पार हादरलोय! तुला ठाऊकच आहे, सहा महिने आईची शुगर उतरत नाही. मोजून भात, बिनसाखरेचा चहा, सगळं मी जातीने बघतो. आता डॉक्टर म्हणाले, चौदा तारखेला रक्त तपासू, तेव्हाही उतरली नसेल तर रोज इंजेक्शन. इंजेक्शनच्या नुसत्या नावाने आई रडते, आणि ती रडली की मला काही सुचत नाही.

त्यात माझी मोटारसायकल. सहा महिन्यांपूर्वी मी तिला कंपनीचे सोडून बाजारातले स्वस्त ब्रेक पॅड घातले (हौसच माझी!). तेव्हापासून ब्रेक दाबला की गाडी अशी किंचाळायची की घराजवळच्या फाट्यावरच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावणाऱ्या बायका दचकून क्रुसाची खूण करायच्या. रविवारी मिस्साला उशीर झाला की अख्ख्या देवळाला कळायचं. फादर प्रवचन थांबवून माझी गाडी उभी राहायची वाट बघायचे. शेवटी मी ब्रेकवर घरचं खोबरेल सोडायला निघालो, तर गॅरेजवाल्या केविनने बाटलीच हिसकावली. म्हणाला, ''सर, तेल लागलं तर आवाज बंद होईल आणि ब्रेकही!'' मग त्याने डिस्क साफ केली, पॅडचा चकचकीत झालेला थर घासला, कडा कानशीने मोडल्या आणि आधीच्या मेकॅनिकने विसरलेली, आवाज दाबणारी पॅडमागची पत्री बसवली. गाडी एकदम गप्प.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी गप्प गाडीने घरी आलो. बघतो तर काय, ओटीवर आई, मांडीवर सुकेळ्यांचा, म्हणजे त्या साखरेसारख्या गोड सुक्या केळ्यांचा पुडा, एक सुकेळं तोंडात, एक हातात! आणि शेजारी सुझान, माझी लग्नाची बायको, दुसरा पुडा सोडतेय! म्हणजे सहा महिने फाट्यावर माझा ब्रेक किंचाळला की पुडा तांदळाच्या डब्यात जात होता आणि मी ओटीवर चढेपर्यंत आई जपमाळ घेऊन बसत होती! वर आईने शांतपणे घास गिळला आणि मलाच झापलं, ''असं चोरासारखं यायचं असतं का रे घरी?''

पुडे मी जप्त करून कपाटावर ठेवलेत. माल कोण पुरवतं, ते दोघी सांगत नाहीत. सांग ताई, या घरात विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

तुझा भाऊ,
गॅब्रिएल

ता. क. : पुड्याला बांधलेल्या केळीच्या वाळक्या सोपटाच्या दोरीला दुहेरी गाठ होती. तशी गाठ अख्ख्या वसईत एकच बाई मारते आणि ती नंदाखालला राहते. ताई, तूसुद्धा! निदान चौदा तारखेपर्यंत हात आवर.

आणखी ता. क. : चौदानंतर सुकेळी पाठवशील ती माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. जप्त मालातलं एक नुसतं चव बघायला घेतलं, तर दोन्ही पुडे संपले. परवा डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं, शुगर निघाली आणि ते सुझानला ठाऊक आहे. तिची मेली स्कूटर अजिबात वाजत नाही, ती कधी दारात येते कळतच नाही. भावोजींना जरा विचार, तसले स्वस्त पॅड स्कूटरला मिळतात का?