सगळ्यांचा एकेक पिळा

४ ऑक्टो., शनिवार. अर्विंग, डॅलसजवळ

खरा दसरा गुरुवारी होऊन गेला, मराठी मंडळाचा आज. इथे सण शनिवार बघून येतात. म्हशीची पूजा झाली. म्हैस म्हणजे माझी जुनी काळी फोर-बाय-फोर, नाव मीच ठेवलंय, काकूला आवडत नाही. झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकू, पार्किंग लॉटमध्ये नारळ. मग देशपांडेकाकांनी विषय काढला, कुणाचं तरी चाक म्हणे हायवेवर निखळून गाडीच्या पुढे पळालं. झालं. माझ्या काकाने पाना मागवला. परवाच टायर बदलले, दुकानात मशीनने नट आवळलेत, असं मी सांगितलं. "मशीनचा काय भरवसा," म्हणत काका पान्यावर चढून उभाच राहिला. मग कुलकर्णीकाका. मग देशपांडेकाका, ते तर जवळजवळ नाचले त्याच्यावर. प्रत्येकाचा एकेक पिळा, चारी चाकांना, आशीर्वाद दिल्यासारखा. शेवटी मीपण दिला एक. मजा येत होती. काकू दारातून ओरडली, "अरे पुरे, चाक आहे का लोणच्याची बरणी!"

आता म्हैस घेऊन युटाला निघायचं. काकाची अट तीच. एकटी जा, हवं तितकं हिंड. पण एकदा जरी "काका, ये" असा फोन आला तर परत यायचं आणि जानेवारीत मुकाट कॉलेजात बसायचं. म्हटलं, डन. दोनदा सोडलंय, तिसऱ्यांदा सोडायचं तर आधी जावं लागेल ना.

६ ऑक्टो., सोम. अमरिलोच्या अलीकडे

वारा. म्हैस सारखी कडेला सरकते. रस्त्यात पाटी दिसली, एमू फार्म. वळले. एमू हा प्राणी देशपांडेकाकांसारखा बघतो. निघाले होते युटाला, दुपार गेली एमूंत. काकाचा फोन.

"तुझा ठिपका तासभर हलला नाहीये."

"एमू बघतेय."

"काय?"

"एमू, काका. पक्षी."

"बरं. नट बघितलेस?"

फोनवर लोकेशन शेअर करायला मी हो म्हणाले तीच चूक.

९ ऑक्टो., गुरु. युटा, मोअॅबच्या बाहेर

लाल. सगळंच लाल. दगड, धूळ, माझे मोजे. शेजारच्या तंबूतल्या मुलीने विचारलं काय लिहितेस, आणि ही कुठली अक्षरं. इंग्रजीत लिहिलं की कॉलेजचा निबंध वाटतो, हे तिला कसं सांगणार. उद्या खडकाळ ट्रॅक, एकटीने. ती म्हणाली एकटीने नको जाऊस. म्हणजे जायलाच हवं.

१० ऑक्टो., शुक्र. ट्रॅकवर, गाडीत बसून

गेलं. मागचं डावं. वाळूत दगड लपला होता, टायर बाजूनेच फाटला. भोकात मूठ जाईल. स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, म्हटलं अर्ध्या तासाचं काम.

नट हलत नाहीत. पाचातला एकही. हात लावले, पाय लावले, पान्यावर उभी राहून उड्या मारल्या. मी पडले, नट जागचा हलला नाही. मंडळातल्या सगळ्यांच्या नावाने ओरडले. इथे ऐकायला कोण आहे. माझंही नाव घेतलं एकदा.

मग उघड्या बग्गीसारख्या गाडीतून एक म्हातारा आणि त्याची बायको आली. कोलोरॅडोची. त्यानेही जोर लावून बघितला, लाल झाला.

"हे कुणी आवळलेत, गोरिलाने?"

"माझ्या काकांनी."

"किती काका आहेत तुला?"

"डॅलसभर."

बायको खूप हसली. तो म्हणाला, ट्रकवाल्याला बोलावून देतो. ट्रकने ओढून न्यायचं तर गाडीचा विमा काकाच्या नावावर, बिल त्याच्याकडे जाणार, म्हणजे फोन केल्यासारखंच. नको म्हटलं. पाणी भरपूर आहे, खायला आहे. उद्या पुन्हा इकडून जाऊ म्हणाले. तिने दोन संत्री दिली आणि "स्टबर्न" असं काहीतरी नवऱ्याला सांगितलं. ऐकू आलं मला. थँक यू.

फोनला रेंज नाही. असती तरी केला नसता. तळहाताला फोड आलाय. पान्यामुळे.

११ ऑक्टो., शनि. मोअॅब

नीट झोप नाही. सकाळी जॅकचा दांडा मांडीवर घेऊन संत्रं खात होते, तर टोकाला भोक, दांडा पोकळ. पाईपच तो! पान्याच्या शेपटीवर सरकवला, पाना दुप्पट लांब. टोकाला लटकले. टण्ण! वाटलं माझंच हाड. नट फिरला. एकटीच नाचले.

चार निघाले. पाचवा निघालाच नाही, नट ज्यावर बसतो तो आतला स्टडच नटासकट तुटून हातात आला. चांगलं नाही हे, पण चाक सुटलं. जॅक वाळूत रुतायला लागला. काकूने बळेच दिलेला पोळपाट खाली घातला. मधोमध तडा गेला, पण टिकला. काकू, सॉरी, आणि काकू, जिंदाबाद. स्टेपनी चार नटांवर चढवली आणि बैलगाडीच्या वेगाने गावात आले. संध्याकाळी गॅरेजमध्ये नवा स्टड बसवून घेतला आणि टॉर्क रेंच विकत घेतला. जोर मोजणारा पाना हा, हवा तेवढा जोर झाला की हातात टक् होतं. टक् झालं की थांबायचं. एवढं साधं.

गावात शिरताच फोनवर काकाचे मेसेज धबधब्यासारखे. ठिपका का हलत नाही. फोन उचल. मनू, फोन उचल. शेवटचा: विमानात बसतोय.

मी बोलावलेलं नाही. इथे लिहून ठेवते. मी बोलावलेलं नाही!

१२ ऑक्टो., रवि. मोटेलचं पार्किंग

काका आला. ऑफिसचे बूट, दाढी वाढलेली. आधी मला वरून खालपर्यंत बघितलं, मग म्हशीला.

"सामान भर. उद्याची दोन तिकिटं काढलीत."

"अट काय होती?"

"रात्रभर वाळवंटात पडली होतीस!"

"पडले होते. फोन केला का तुला?"

"नाही केलास, हेच तर..."

"तिकिटं नंतर. आधी ह्या पुढच्या चाकाचा एक नट सोडवून दाखव."

"त्यात काय." पाना लावला. ढिम्म. चढून उभा राहिला. ढिम्म. घाम पुसून माझ्याकडे वळला तर चेहऱ्यावर चक्क अभिमान. "बघ! किती पक्कं बसलंय!"

"ह्याच्यामुळेच मी रात्रभर तिथे होते, काका."

चष्मा काढला. शर्टाने पुसला, पुसतच राहिला. मग खाली बघत, "देशपांड्याने जरा जास्तच..."

मला हसू आलं. राग होता तरी आलं. दांडा लावून आम्ही राहिलेली तिन्ही चाकं सोडवली, एकेक नट, तो एका टोकाला, मी एका. मग टॉर्क रेंचने मी आवळले. टक्.

"एवढंच?"

"एवढंच."

"अजून थोडं, गं. थोडंसं."

"हात लावायचा नाही."

नाही लावला. पण जेवताना दोनदा उठून खिडकीतून चाकं बघून आला.

१३ ऑक्टो., सोम. गॅस स्टेशन, गावाबाहेर

काकाची बॅग मागच्या सीटवर. तिकिटं त्याने कॅन्सल केलेली नाहीत, मी विचारलंही नाही. सकाळपासून फक्त एवढं बोलला, "त्या ट्रॅकवर परत जाणार आहेस?" म्हटलं, अर्धाच झालाय. "हं," म्हणाला. त्याच्या 'हं'ची सत्तर तऱ्हेची भाषांतरं होतात.

इथून उजवीकडे विमानतळ. डावीकडे लाल रस्ता. तो आत काकूशी फोनवर बोलतोय, काचेतून दिसतोय, हात हवेत. बहुतेक पोळपाटाचं कळलं तिला.

तो काय ठरवतो ते त्याचं. जानेवारीत मी कुठे असेन माहीत नाही, त्या वर्गात नाही, एवढं माहीत आहे. ओढून नेणार असेल तर म्हशीसकट ओढावं लागेल. पंपापासून पुढे घेऊन इंजिन चालू ठेवलंय, तोंड डावीकडे.

बाहेर आला. हातात दोन कॉफ्या. दारातच थांबलाय, म्हशीचं तोंड कुठे आहे ते बघतोय.