मला कधी कळलं

१२ जाने.
दुपारी जाधवमामा आले. आमचे हे भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या ज्या प्रेसवर होते, तिथेच शेजारच्या मशीनवर मामा. आता रिटायर होऊन गावी चाललेत. पाणीसुद्धा घेतलं नाही. "पोरी, तुझा नवरा चक्कर येऊन पडला न्हाई. काम लवकर उरकावं म्हणून मालकानं मशीनपुढची जाळी काढली व्हती. तुकडा उडून डोक्यात बसला. आमाला गप बसवलं."
सहा वर्षं मी ह्यांच्याच फोटोशी भांडतेय. उपाशीपोटी ड्युटीला गेलातच का म्हणून.

१५ जाने.
आकुर्डी, वकीलबाई. भरपाईच्या दाव्याची मुदत दोन वर्षं, ती केव्हाच गेली. पण समोरच्याने फसवून लपवलं असेल तर कळल्या दिवसापासून धरतात. जरा जीवात जीव आला.
मग म्हणाल्या, "ते विचारतील, चौकशी केली असती तर आधीच कळलं नसतं का? तिथे कधी गेला होतात?"
दर दसऱ्याला. मशीनपूजेला मालक गाडी पाठवायचे. पहिलं हळदकुंकू मी त्याच प्रेसला लावायचे, ह्यांचं मशीन म्हणून. हार घरून ओवून न्यायचे.
बाईंसमोर रडू आवरलं नाही.

१६ जाने.
पोळ्या लाटताना आठवलं. हे गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला प्रेसवर जाळी नवी कोरी दिसली होती. मी विचारलंही होतं. दिलीपभाऊजी म्हणाले, "आधीपासूनच आहे, वहिनी." ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ! तेव्हा तिथेच हेल्पर, आता मालकाच्या चाकणच्या प्लँटला सुपरवायझर.
बाईंना फोन. त्या खूश. "तुम्ही विचारलंत आणि तुम्हाला खोटं सांगितलं. दिरांनी हे कोर्टात सांगितलं तर केस उभी राहील."
खूश कसलं व्हायचं यात.

२० जाने.
भाऊजी आले. सवयीने चहा टाकला. म्हणाले, "बोललो असतो तर नोकरी गेली असती. घर कोणी चालवलं असतं?" खरंय. आमच्या मुलीचं, राणीचं शिक्षण त्यांच्याच पगारावर झालं. शिव्या तोंडात आल्या होत्या, तिथेच राहिल्या.
"सांगतो कोर्टात. नोकरी गेली तर गेली." मग कप खाली ठेवला. "पण सगळंच विचारतील, वहिनी. दादा लगेच गेला नव्हता. मालकाने आधी जाळी बसवायला लावली आम्हाला, तोवर दादा तिथेच..."
मी हात केला, पुरे.
वकीलबाईंनी उद्या दोघांना बोलावलंय. केस लढायची तर पुढचं वाक्य मला तिथे बसून ऐकावं लागेल. भाऊजींना उद्याचं अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.