कोट घातलेले दोन पैलवान

२१ ऑक्टोबर १९६४, बुधवार. एर्लांगेन, जर्मनी
टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये काल ज्यूदो सुरू झाला. म्हणजे माझा विषय योग्यच आहे. २७ नोव्हेंबरला सेमिनारमध्ये निबंध वाचायचा. चांगला झाला तर प्रोफेसर लेमान डॉक्टरेटसाठी ठेवून घेतील, नाही तर मार्चच्या बोटीने परत घरी.

विषय: कपडा धरून खेळायच्या कुस्त्या. फ्रान्सच्या ब्रिटनीत सदरा धरतात, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जाडाभरडा डगला, रशियन साम्बोत आणि ज्यूदोत जाकीट. आपल्याकडे लंगोट आणि लाल माती. धरायला काही नाही. प्रोफेसर म्हणाले, आल्झो, तर मग भारत या नकाशात येत नाही. फार लागलं.
संकल्प १: भारताला नकाशात आणणे.
संकल्प २: खात्री झाल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. नानांनी, म्हणजे वडिलांनी, मॅट्रिकपर्यंत घरीच शिकवलं, ते मुख्यतः हेच.

२४ ऑक्टोबर, शनिवार
ज्यूदो क्लबात नाव घातलं. हेर क्रोल यांनी फक्त पडायला शिकवलं. बावीस वेळा. म्हणाले, पडणं तुम्हाला उपजत येतं.
ज्यूदोत कॉलरने गळा आवळता येतो, साम्बोत नाही. साम्बोत पाय पिरगाळता येतो, ज्यूदोत नाही. दोन्ही शिकायचं नाही असं ठरवलं. अभ्यासकाने तटस्थ असावं. शिवाय कंबर.

२ नोव्हेंबर, सोमवार
सापडला! ट्रंकेत, नानांच्या जुन्या व्याकरणाच्या वहीत, एक फोटो. दोन धिप्पाड पुरुष, अंगात लांब कोट, डोक्याला फेटे, एकमेकांना घट्ट कव घातलेली. तोंडं एकमेकांच्या खांद्यात. एकाच्या मुठीत दुसऱ्याच्या पाठीचा कोट स्पष्ट दिसतो. मागे नानांचं अक्षर: 'सीमेवर भेट, १९३४.' सीमेवर, म्हणजे आखाड्याच्या कडेला. भेट, म्हणजे झोंबी.
दोघांच्याही गळ्यात हार. म्हणजे कुस्ती बरोबरीत सुटली.
मागे हलगीऐवजी सनई-चौघडा. प्रादेशिक फरक (तळटीप ७). बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. स्त्री-प्रेक्षकांचा सहभाग (तळटीप ८).

४ नोव्हेंबर, बुधवार
फोटो हेर क्रोलना दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाले, डावीकडचा आता कमरेवरून उचलून टाकणार. गेनाऊ, अगदी बरोबर! तज्ज्ञाचं मत मिळालं.
नानांना पत्र टाकलं. ही कुस्ती होती का, हे विचारलं नाही. उघड गोष्टी विचारलेल्या त्यांना खपत नाहीत. फक्त 'शेवटी जिंकलं कोण?' एवढंच.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीच्या, रांगेत यशवंत भेटला. एक्स-रे यंत्रांवर संशोधन करतो, पण तोंड सगळ्यात घालतो. म्हणाला, "काय शुभाबाई, मिळाला का कोटवाला पैलवान? थंडीत बिचारा स्वेटर घालून उतरला असेल!" फोटो पाहू म्हणून मागे लागला. दाखवला नाही. शोध असे चोरीला जातात.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
नानांचं पत्र आलं. उघडलं नाही. व्याख्यानाच्या दिवशी मन विचलित होऊ देऊ नये. तळटिपा चौथ्यांदा तपासल्या. एक स्वल्पविराम चुकला होता! माझ्यासारखं काटेकोर माणूस विरळाच.

तोच दिवस, सायंकाळी
वाचन उत्तम झालं. भिंतीवर फोटो मोठा करून दाखवला. प्रोफेसर चष्मा काढून पुढे वाकले. फक्त मागच्या बाकावर यशवंत. आधी खोकला, मग हातरुमाल तोंडात कोंबला, मग मराठीत ओरडला, "अहो शुभाबाई, ही व्याहीभेट आहे! कुणाच्या तरी लग्नातली!"
प्रोफेसरांनी विचारलं, काय म्हणतात ते? मी जर्मनमध्ये सांगितलं, अभिनंदन म्हणतात.
हे खोटं नव्हतं. लग्नात अभिनंदन करतातच.
मी लग्नं पाहिलेली नाहीत, यात माझा काय दोष? नाना जाऊ देत नसत. लग्न म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यापेक्षा व्याकरणातले संधी सोडव, म्हणत.

३० नोव्हेंबर, सोमवार
प्रोफेसरांना स्वतःच सांगायचं ठरवलं होतं. शनिवारी ताप वाटला (३६.६ सेल्सिअस). आज गेले तर त्यांनी आधीच यशवंतला मेन्सात गाठलं होतं; अभिनंदनाबद्दल आणखी ऐकायचं होतं म्हणे. मला बसा म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, बोट मार्चच्या कितव्या तारखेला?
यशवंत जिन्यात उभा होता. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल त्यांना." तो माझ्याइतका काटेकोर नाही.

१ डिसेंबर, मंगळवार
पत्र उघडलं. नाना लिहितात:
'फोटो माझ्या लग्नातला. गावाच्या शिवेवर वरपक्षाला सामोरे जातात, तेव्हा व्याही व्याह्याला भेटतो. डावीकडे माझे वडील, उजवीकडे तुझ्या आईचे. दोघेही तुझ्या जन्माआधीच गेले. या थाटामाटाची मला आजही लाज वाटते. जिंकलं कोण, हा प्रश्न मला कळला नाही, म्हणून तुझ्या आईला विचारला. तिने पोळ्या लाटता लाटताच सांगितलं: पोर गेली ती आमच्या घरातून, म्हणजे हरले ते माझेच वडील. त्यात विचारायचं काय?'

निकालाच्या रकान्यात मी 'बरोबरी' लिहिलं होतं. तेही चूक.