कॉम्प्युटरमधल्या पोकळ्या

प्रिय बाबा,

तुमाले अन् मायले जयभीम. मी पुण्यात मजेत आहो. मेसच्या भाजीत गूळ टाकतात, पण पोट भरते. मायचा गुडघा कसा आहे?

तुमी विचारलं होतं, कंपनीत मी करतो तरी काय. तुमी घाटंजीकडं विहिरीत सुरुंग लावता, मी कॉम्प्युटरवर लावतो. बारुदाच्या कांडीले धक्का बसला तर आग कुठून धरन, हे गणितानं काढतो. कांडीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. धक्क्यानं त्या दबतात, तापतात, अन् तिथूनच पेट घेते.

नव्या कांडीत पोकळ्या लय निंगाल्या. माह्या गणितात ती हातातून पडली तरी फुटते. साहेब म्हणे, "पोकळ्या काढून टाक." मी म्हटलं, त्यासाठी कारखान्यात मसाला बदलवा लागन. तर म्हणे, "अरे, कांडीतल्या नाही, कॉम्प्युटरमधल्या!"

सारे हसले. दुसऱ्या पोरानं पोकळ्या पुसल्या, पडद्यावर कांडी फुटली नाई, अन् साहेबानं पेढे वाटले. शिसारी आली बाबा. पेढा तोंडात फिरत राह्यला, बाहेर जाऊन थुकलो. त्या मानसायसंग चहा प्याचीही आता किळस येते.

मी त्या रिपोर्टवर सही केली नाई. नोकरीचं काय होते ते पाहू. मायले एवढ्यात सांगू नोका.

हा माल तुमच्याकडं येऊन राह्यला. तुमच्यासंग सुरुंग भरनाऱ्या उकंडाकाकालेही सांगजा, त्या खोक्याले हात लावू नोका. ओळखाले सोपं आहे. त्याच्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात 'सुरक्षित' लिहून असन.

तुमचाच,
संघर्ष