पंख्याची सोबत

मंगळवार, सांजची वेळ. दारव्हा

लॅपटॉपवर लिनक्सचा नवा कर्नल, म्हंजे सिस्टीमचा गाभा, बसवला अन् वायफाय चालवणारं मॉड्यूल त्याच्यासाठी पुन्हा बांधाचं, म्हंजे कंपाइल कराचं, विसरलो. रिबूट केलं तर नेटच नाही. काहून एवढी घाई? मॉड्यूलचा सोर्स कोड मशीनमधेच होता, तो बांधाले लावला, तसं मशीन तापलं. लॅपटॉपचा पंखा घरघर करून राह्यला होता अन् मी त्याच्यावरच ओरडत होतो.

शेजारच्या काकूनं भिंतीपलीकडून विचारलं, "कोणासंग बोलून राह्यला रे?"

"कोणी नाही, मशीन आहे."

"मले वाटलं तुही बायको आली माहेरून."

वायफाय आलं. फोन पाह्यला, तिचा मिसकॉलही नाही. पंखा थांबला तसं घर एकदम मुकं झालं.

काही गरज नव्हती, तरी अख्खा कर्नल पुन्हा बांधाले लावला. पंखा सुरू झाला, तवा कुठं जेवाले बसलो.